शर्यत आपल्याही रस्त्यावर होऊ द्या

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याखाली गाडी पहिल्या गिअरच्या वर जात नाही. पुढे फळांची हातगाडी, डाव्या अंगाला रिक्षा, मागे हॉर्न. माझा जन्म इथल्याच गल्लीतला आणि गाड्यांचं वेडही इथलंच. शाळा सुटली की मी वडिलांच्या मित्राच्या गॅरेजात कार्ब्युरेटरचे जेट पेट्रोलमध्ये धूत बसायचो. गेली बावीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात ब्रेक डिस्कच्या टर्निंगवर आहे. दारात जुनी ऑक्टाव्हिया उभी असते, आपल्या शेंद्र्यातच जुळवलेली. इतकं सगळं गाड्यांभोवती असून खरी शर्यत डोळ्यांनी पाहायला मला चाळिशी ओलांडावी लागली, आणि त्यासाठी रात्रभर रेल्वेत बसून हैदराबाद गाठावं लागलं.

११ फेब्रुवारी २०२३ चा शनिवार. आदल्या रात्री मी आणि माझा सतरा वर्षांचा भाचा अजिंठा एक्सप्रेसमध्ये चढलो. डब्यात त्याला झोप नव्हती. मलाही नव्हती, पण मी डोळे मिटून पडलो होतो. हुसेनसागरच्या काठाने, सचिवालय आणि एनटीआर गार्डनच्या बाजूने, सुमारे २.८ किलोमीटरचा रस्ता सिमेंटच्या भिंती आणि उंच जाळ्या लावून बंद केला होता. भारतातली ती पहिली फॉर्म्युला ई शर्यत. एरवी सिटी बस धावतात त्याच डांबरावर जगातले बावीस चालक उतरणार होते.

विजेच्या गाड्यांना आवाज नसतो म्हणून मजा नाही, असं मला आधी बरेच जण म्हणाले होते. पहिली गाडी समोरून गेली आणि मी जागेवरून उठलो. सीएनसीचा स्पिंडल वेग धरतो तेव्हा जी बारीक, चढत जाणारी शिट्टी निघते, तोच आवाज! बावीस वर्षं तो माझ्या कानात आहे. फक्त इथे तो भिंतीवर आपटून परत येत होता आणि त्यामागून रबराचा तापलेला वास. टीव्हीवर वेग सपाट दिसतो. जाळीपाशी उभं राहिलं की गाडी वळणाआधी ब्रेक लावताना कशी पुढे झुकते, मागचा भाग कसा क्षणभर हलका होतो आणि चालक स्टिअरिंगने तो कसा आवरतो, हे दिसतं.

या गाड्यांच्या मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक नाहीत. चालकाने पेडल दाबलं की मोटारच उलटी राबते, गाडी थोपवते आणि वीज बॅटरीत परत भरते. शर्यतीला लागणाऱ्या ऊर्जेतली चाळीस टक्क्यांच्या आसपास अशी ब्रेकमधून मिळवायची असते. हे मी वाचलं होतं. पण ज्या वस्तूवर माझं घर चालतं तिच्याशिवाय इतक्या वेगातल्या गाडीची मागची चाकं थांबताना बघणं वेगळं. मला भीती वाटली नाही. ती गाडी जॅकवर घेऊन चाक काढून आत बघावं, एवढंच वाटत राहिलं.

दुपारी तीनला शर्यत सुरू झाली. स्टँडमध्ये महिंद्राच्या गाडीसाठी गळे फुटेस्तोवर ओरडा. मागच्या रांगेत नांदेडची चार मुलं होती, त्यांनी तर आवाजच घालवला. हेअरपिनच्या वळणावर जॅग्वारच्या एका गाडीने स्वतःच्याच संघाच्या दुसऱ्या गाडीला धडक दिली आणि सर्वांत पुढून निघालेला मिच इव्हान्स बाद झाला. शेवटच्या फेऱ्यांत ज्याँ-एरिक व्हर्न पुढे आणि निक कॅसिडी त्याच्या शेपटाला. व्हर्नकडे वीज कमी उरली होती, तरी त्याने वाट दिली नाही आणि अर्ध्या सेकंदाहून कमी फरकाने जिंकला. तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या सेबास्टियन बुएमीला मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरल्याचा दंड झाला आणि तो क्रमांक अँतोनिओ फेलिक्स दा कोस्टाला गेला.

परतीच्या गाडीत भाच्याच्या डोक्यात बुएमीच घोळत होता. "मामा, एवढं बारीक मोजतात? मग आपल्याकडे कोण मोजतं?"

त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं. रात्री साडेअकरानंतर बीड बायपासवर मुलं बाइक आणि गाड्या पळवतात. हेल्मेट नाही, ॲम्ब्युलन्स नाही, समोरून येणाऱ्या ट्रकला काही कल्पना नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा मांडीत सळई घेऊन फिरतो. वेगाची ओढ पोलिसांच्या दंडाने मरत नाही, ती दुसऱ्या रस्त्यावर जाते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. छत्रपती संभाजीनगरात वर्षातून दोन दिवस एक रस्ता नियमानुसार बंद करून वाहनांच्या चाचणी शर्यती व्हाव्यात. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे, २००१ पासून शेंद्र्यात स्कोडाचा. सस्पेन्शन, ब्रेक, दिवे, गिअर करणारे लहानमोठे उद्योग किती! २०१० मध्ये या शहरातल्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या तेव्हा देशभर बातमी झाली. गाड्या घेतो, गाड्या बनवतो, आणि आपण बनवलेला भाग शेवटच्या टोकाला ताणला की कसा वागतो हे बघायला इथल्या कामगाराला जागा नाही. चेन्नईला १९९० पासून ट्रॅक आहे, कोइमतूरला आहे, ग्रेटर नोएडाला आहे. आयटीआयचा पोरगा तिथवर कुठल्या पैशाने जाणार?

शेजारचे चाचा म्हणाले, नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे शर्यत कसली? प्रश्न खरा आहे, आमच्याही घरात पिंपं भरून ठेवावी लागतात. म्हणूनच मी हैदराबादसारखा सोहळा मागत नाही. तो पुढे टिकलाही नाही. तिथलं सरकार बदललं आणि २०२४ ची शर्यत जानेवारीतच रद्द झाली. सरकारी तिजोरीच्या जिवावर उभं राहिलेलं असं कोलमडतं. मला ऑटोक्रॉस हवं आहे: शंकू मांडलेला छोटा मार्ग, एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी स्पर्धा. नियम एफएमएससीआयकडे आहेत, ती देशातल्या मोटार क्रीडेची मान्यताप्राप्त संघटना आहे. खर्च उद्योगांकडून आणि प्रवेश शुल्कातून निघावा. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना तिकीट नको; त्यांना पिटमध्ये जाऊ द्यावं, टायर तपासू द्यावेत. गॅरेजच्या मिस्त्रींना तांत्रिक तपासणीच्या टेबलावर बसवावं. त्यांच्याइतकी ऐकून गाडी ओळखणारी माणसं कुठे मिळतील?

आणि परवानगीचं म्हणाल तर मराठवाड्यात शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, उदाहरण ताजं आहे. बंदी आली, वर्षानुवर्षं लढा झाला, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि अटी पाळून बैल पळतात, गावं जमतात. बैलांसाठी जे जमलं ते मोटारींसाठीही जमेल.

मागच्या रविवारी भाचा आणि मी शेंद्र्याच्या बाजूला गेलो. औद्योगिक वसाहतीतला रुंद, मोकळा रस्ता, दुपारी चिटपाखरू नव्हतं. टेपने मोजून आम्ही वहीत काढलं: शंकू कुठे, प्रेक्षक किती मागे, ॲम्ब्युलन्स कुठल्या तोंडाशी, अग्निशामक कुठे. भाच्याने कोपऱ्यात आणखी एक चौकोन काढला आणि त्यात लिहिलं, 'वजन व मोजमाप तपासणी'. ती वही घेऊन मी कुठल्याही कार्यालयात यायला तयार आहे.