ठेका धरून वाचा

या अंकाचा विषय आहे इंग्रजी बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारं गीत. शाळेत इंग्रजी कविता आपण शब्दार्थ पाठ करत शिकलो. ठेका धरायला क्वचितच कुणी सांगितलं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचंही फारसं निराळं नसावं. म्हणून हा अंक मोठ्याने वाचण्यासाठी.

बॅलडचं नेहमीचं कडवं चार ओळींचं. आघात चार-तीन-चार-तीन, यमक दुसऱ्या नि चौथ्या ओळीत. आपला कान गण-मात्रांना सरावलेला. इथे आघात मोजायचे, मधली अक्षरं कमीजास्त झाली तरी चालतात.

फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ दरम्यान अशी ३०५ गीतं प्रसिद्ध केली. त्यांतल्या बाराव्या, ‘लॉर्ड रँडल’पाशी आम्ही जरा जास्तच रेंगाळलो आहोत. आई विचारते, मुलगा सांगतो. प्रत्येक कडव्याअखेर तो अंथरूण घालायला सांगतो. शिकारीने दमलाय म्हणे. मग प्रेयसीने विष घातल्याचं उघड होतं आणि तेच पालुपद किंचित बदलतं: आता दुखणं काळजाचं असतं. पुनरुक्तीला भरताड समजणाऱ्यांनी हे कडवं दोनदा वाचावं.

वाचताना तुमचा ठेका कुठे अडखळला, ते आम्हाला जरूर कळवा.