बीडचा मतदार आणि न मोजलेली जात

१/ निवडणूक आली की बीड जिल्ह्यात एक गणित मांडले जाते : मराठा इतके लाख, वंजारी इतके लाख, मुस्लिम इतके, धनगर इतके. आकडे छातीठोकपणे सांगितले जातात. ते मोजले कोणी?

२/ सर्व जातींची शेवटची प्रसिद्ध देशव्यापी गणना १९३१ ची. तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या वर्षी जन्मलेले मूलही आज नव्वदी ओलांडलेले असेल. स्वतंत्र भारताच्या जनगणनेने २०११ पर्यंत धर्म मोजला, अनुसूचित जाती-जमाती मोजल्या. इतर जाती मोजल्याच नाहीत.

३/ मतदार यादीत जातीचा रकाना नाही. राज्यघटनेच्या ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग असा भेद न करता सर्वांची एकच यादी ठरवली. मग उरते आडनाव चाळणे. पण जाधव, पवार, चव्हाण ही आडनावे मराठा, बंजारा, दलित अशा अनेक समाजांत आढळतात.

४/ २०२४ ची लोकसभा येथे ६,५५३ मतांनी ठरली. लाखांचे अंदाज याहून मोठी चूक पोटात घेऊन वावरतात. तरीही त्यांच्याच आधारे उमेदवाऱ्या ठरतात आणि गावागावांत भिंती उभ्या राहतात.

५/ त्याच वर्षी ऊस गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले. कोयता घेऊन परजिल्ह्यांतील फडांवर जाणारा बीडचा मजूर अनेक जातींचा आहे. त्याची जात विचारणाऱ्यांनी आधी विचारावे : तो मतदान केंद्रापर्यंत पोहोचतो तरी का?