वाहतं पाणी आणि वाहवलेला युक्तिवाद

नदीकाठच्या एका गृहस्थांचा सिद्धांत सध्या टाळ्या घेतो आहे. लहान गावाला मैलाशुद्धीकरण केंद्र म्हणजे चैन, असं त्यांचं म्हणणं. गावात धुराडं नाही. विष सोडतात ते कारखाने. वाहतं पाणी आपोआप निवळतं. वाडवडिलांनी कुठं केंद्रं बांधली होती? आणि बांधलेली तरी कुठं चालतात? ठेकेदाराचं भलं होतं, नदी होती तशीच.

वाडवडिलांच्या घरात फ्लश नव्हता आणि दरडोई १३५ लिटर नळाचं पाणीही नव्हतं. तो मुद्दा इथंच मिटला. कारखान्यांचं पाप मोठं आहे, पण तिकडे बोट दाखवल्यानं गावातले संडास नाल्यापासून तुटत नाहीत.

खरी गंमत आहे ती आपोआप निवळण्यात. नदी निवळते, हे खरंच. पाण्यातले जिवाणू मैला खातात आणि खाताना विरघळलेला प्राणवायू वापरतात. १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून त्याचं गणितच मांडलं: नाला मिळाला की प्राणवायू घसरत जातो, तळ गाठतो आणि बऱ्याच अंतरानंतर सावरतो. गृहस्थांना सावरलेलं टोक तेवढं पाठ आहे. मासे मरतात ते मधल्या घसरणीत.

हिशेबच करायचा तर पन्नास हजार वस्तीचं गाव घ्यावं. १३५ लिटरांतलं ८० टक्के पाणी गटारात गेलं, तर रोज ५४ लाख लिटर, सेकंदाला सुमारे ६२ लिटर. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला लागणारा प्राणवायू, लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. आंघोळीच्या पाण्याला मर्यादा आहे ३ मिलिग्रॅमची. केवळ मिसळून तिथवर यायचं तर नदीत सेकंदाला पाच हजारांवर लिटर पाणी हवं, तेही वरून अगदी निर्मळ आलेलं. वरच्या गावानं आधीच हातभार लावलेला नसावा! मे महिन्यात एवढं पाणी आणायचं कुठून? धरणाचं आवर्तन संपलेलं, कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे घातलेले. पाणी वाहतच नाही, तिथं वाहत्या पाण्याचे गुण गायचे!

केंद्रात वेगळं काय होतं? जाळीवर कचरा अडतो, वाळू खाली बसते, आणि मग तसलेच जिवाणू टाकीत ब्लोअरची हवा घेऊन तेच काम काही तासांत उरकतात. थोडा गाळ परत टाकीत सोडून त्यांची फौज कायम राखायची, ही युक्ती १९१४ मध्ये मँचेस्टरला सिद्ध झाली. ज्या निसर्गावर गृहस्थांची एवढी श्रद्धा, तोच इथं बिनपगारी राबतो. बीओडी १० वर आला की मघाचे पाच हजार लिटर दीडशेवर येतात.

शिवाय जंतू. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही ते असतात, आणि खालच्या गावाचा जॅकवेल त्याच पाण्यात उभा असतो. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली ती दूषित पाण्यातूनच. म्हणून केंद्रात शेवटी क्लोरीन लागतं.

हाच पंथ मागे निर्माल्य कलशावर खूश होता. घाटावर कलश बसला, फोटो निघाले. शेजारून नाला वाहत राहिला. त्याआधी शोषखड्ड्यांचा वाद झाला. वाड्यावस्त्यांना शोषखड्डे उत्तम, पण भिंतीला भिंत लागलेल्या पेठेत ते खोदायचे कुठं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

बंद केंद्रांचा आरोप मात्र खोटा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशाची उभारलेली क्षमता रोज ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. प्रत्यक्ष शुद्ध होत होतं २०,२३६. पण डॉक्टर जागेवर नसतो म्हणून कुणी दवाखाना पाडत नाही.

तेव्हा नाले केंद्राला जोडावेत, ब्लोअरला वीज अखंड द्यावी, जाणता ऑपरेटर नेमावा. शुद्ध केलेल्या पाण्यातही नत्र-स्फुरद उरतं आणि त्यावर जलपर्णी पोसते, म्हणून ते पाणी जमेल तेवढं शेताला किंवा उद्योगाला वळवावं. नागपूरचं असं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं.

वाचकांनी आपल्या नगरपालिकेकडे दोनच कागद मागावेत: केंद्रात येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी अहवाल, आणि केंद्राचं वीजबिल. अहवाल झकास आणि बिल किरकोळ असेल, तर ब्लोअर बंद आहेत.