दोन घरचा पाहुणा

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण ज्यानं केली, त्याला पाहुणे चांगले ठाऊक असतील; मोटारी ठाऊक नव्हत्या. प्लग लावला तर विजेवर आणि न लावला तर पेट्रोलवर चालणारी जी नवी दुतोंडी मोटार निघाली आहे, ती कधीच उपाशी राहत नाही. ती पेट्रोलच्या घरी पोटभर जेवते आणि विजेच्या घरून दक्षिणा घेऊन जाते. माझं भांडण तिच्या जेवणाशी नाही, दक्षिणेशी आहे.

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसानं मोटारीच्या भानगडीत पडावंच कशाला, असं कोणी विचारील. खरं आहे. मोटारीतलं मला फक्त दार उघडता येतं. पण सवलत म्हणाल तर त्यातलं थोडंफार कळतं. आमच्याकडे म्हशीसाठी सवलतीचं कर्ज देतात. पण पैसे दिले आणि विषय संपला असं होत नाही. म्हैस खरोखर घेतली का, तिच्या कानात विम्याचा बिल्ला आहे का, हे बघायला साहेब जातीनं गोठ्यात जातात. कारण कागदावर म्हैस आणि गोठ्यात फटफटी, अशी एक तरी कथा प्रत्येक शाखेत चहाबरोबर सांगितली जाते. कर्ज घेणारा वाईट नसतो हो. फटफटी जास्त सोयीची असते, एवढंच.

ही म्हैस मला मागच्या उन्हाळ्यात इंग्लंडात भेटली. रेडिंगला भाच्याकडे गेलो होतो. त्याला दोन मुलं, त्यांच्या सायकली आणि अधूनमधून टपकणारे आमच्यासारखे नातेवाईक, एवढं सगळं मावेल अशी गाडी हवी होती. “मामा, चल, ट्रायल घेऊन येऊ,” म्हणाला. गाडी जुनी, आधी कुठल्याशा कंपनीच्या साहेबानं वापरलेली, मित्सुबिशी आउटलँडर. पोटात 12 युनिटांची बॅटरी, दोन विजेच्या मोटर्स आणि शिवाय दोन लिटरचं पेट्रोल इंजिन. म्हणजे सासू आणि सून एकाच स्वयंपाकघरात.

गाडी मात्र छान! “सुरू झाली का रे?” असं मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो. आवाज म्हणून नाही. पुढे हमरस्त्यावर वेग वाढला तेव्हा कुठे इंजिन खाकरलं. मधल्या भागात एक बटण होतं, त्यावर ‘चार्ज’ लिहिलेलं. ते दाबलं की पेट्रोल जाळून बॅटरी भरते. विहिरीतून पाणी शेंदून टाकीत भरायचं आणि नळाला पाणी आलं म्हणून पेढे वाटायचे, त्यातला प्रकार.

परत आल्यावर सामान किती मावतं ते बघायला भाच्यानं मागचं दार उघडलं. तिथे चार्जिंगची तार होती. प्लॅस्टिकच्या वेष्टनात, घड्यासुद्धा न मोडलेली. लग्नात आलेल्या लेमन सेटसारखी.

“आधीच्या मालकानं चार्ज कसा केला?” मी विचारलं.

“त्याची काही काळजीच नको. पेट्रोल आहे ना!” विक्रेता आनंदानं म्हणाला.

सगळी गोम त्या ‘पेट्रोल आहे ना’मध्ये आहे. ही गाडी 2014 मध्ये इंग्लंडात आली तेव्हा सरकारनं तिला 5000 पौंडांची सवलत दिली. त्यामुळे तिची किंमत डिझेलच्या आउटलँडरच्या बरोबरीला आली. जाहिरातीत लिहिलं होतं, 100 किलोमीटरला फक्त 1.9 लिटर पेट्रोल. म्हणजे लिटरला 52 किलोमीटर! पावणेदोन टनांहून जड, पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा वाहणारी मोटार लिटरला 52 देते हे ऐकून आमच्या शाखेबाहेरच्या समस्त स्कूटरी लाजेनं आडव्या व्हायला हव्यात.

हा आकडा काढला कसा, तेही ऐका. गाडी विजेवर 52 किलोमीटर जाते. तेव्हाच्या युरोपच्या नियमानं असं धरलं होतं, की मालक बॅटरी काठोकाठ भरून निघेल, ती संपल्यावर पेट्रोलवर फक्त 25 किलोमीटर जाईल आणि लगेच पुन्हा प्लग लावील. म्हणजे 77 किलोमीटरच्या प्रवासात पेट्रोल 25 चंच. बॅटरी रिकामी असताना 100 किलोमीटरला 5.8 लिटर पिणारी गाडी या हिशेबात 1.9 वर येते. गणितात चूक नाही. मी स्वतः ताळा केला. चूक मालकात आहे. नियमानं तो एकादशी करणारा धरला होता.

2018 मध्ये इंग्लंडात कंपन्यांच्या अशा गाड्यांच्या पेट्रोलच्या नोंदी कोणी तरी तपासल्या. जाहिरातीत सरासरी गॅलनला सुमारे 130 मैल, प्रत्यक्षात 39. काही गाड्या परत आल्या तेव्हा तारा वेष्टनातच होत्या. त्याच वर्षी सरकारनं त्यांची सवलत बंद केली. युरोपात चाचणीची पद्धतही 2017 पासून बदलली, पण एकादशीचा भरवसा काही सुटला नाही. अखेर 2024 मध्ये युरोपीय आयोगानं गाड्यांतच बसवलेल्या मीटरांच्या नोंदी काढल्या. प्रत्यक्षातला धूर प्रयोगशाळेतल्यापेक्षा सरासरी साडेतीन पट निघाला.

भाचा माझ्यावर रागावला. “मामा, माझं ऑफिस बारा किलोमीटरवर. रोज रात्री चार्ज केली तर आठवडाभर पेट्रोलचा थेंब लागणार नाही.” बरोबर आहे. अशी माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी ही गाडी उत्तमच आहे.

“पण रात्री चार्ज करणार कुठे?”

भाचा गप्प. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. गाडी रस्त्यात उभी राहणार. घरातल्या सॉकेटवरून बॅटरी भरायला पाच तास लागतात. म्हणजे रोज रात्री पाच तास गॅलरीतून तार खाली सोडायची, धोतर वाळत घातल्यासारखी.

म्हणून म्हणतो, सवलत गाडीला देऊ नका, प्लगला द्या. इमारतीच्या आवारात, रस्त्याच्या कडेला सॉकेट लावा. तरीही गाडीला काही द्यायचंच असेल तर विकत घेताना देऊ नका, वर्षअखेरीला द्या. नव्या गाड्यांत मीटर आहेच. किती युनिटं भरली, किती लिटर जाळलं, दाखवा आणि तेवढी दक्षिणा घेऊन जा. म्हशीच्या कानातला बिल्ला जो बघतो, त्याला मोटारीचा मीटर वाचणं जड जाऊ नये.

हे इंग्लंडचं रडगाणं आपल्याला कशाला, असं म्हणू नका. 2024 च्या जुलैत उत्तर प्रदेशानं याच जातीच्या गाड्यांना, प्लग नसलेल्या त्यांच्या मोठ्या बहिणींसकट, नोंदणी कर पूर्ण माफ केला. उद्या हे लोण इकडेही येईल. येऊ द्या. पाहुण्याला दक्षिणा द्यायला माझी ना नाही. फक्त देण्याआधी त्याचं पान कोणाच्या घरी उष्टं झालं आहे, तेवढं कोणी तरी वाकून बघावं.