सात गुणांची चित्रकला

स्थिरचित्राच्या पेपरला कॉपी करून उपयोग नसतो. मध्ये स्टुलावर तांब्या, त्याच्या पुढ्यात वांगं, मागं सोडलेलं एखादं फडकं आणि भोवती अर्धवर्तुळात बसलेली मुलं. डावीकडच्या मुलाला वांग्याचं देठ दिसतं, उजवीकडच्याला दिसत नाही. शेजाऱ्याच्या कागदावरचं उचललं तर ते हमखास चुकतं, कारण ते त्याच्या जागेवरून बघितलेलं असतं. सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत निवृत्त होईपर्यंत मी चित्रकला शिकवली. ज्याचं उत्तर गाइडमध्ये सापडत नाही असा आमच्या शाळेत हा एकच पेपर होता, असं मला आजही वाटतं.

आठवीतलं मूल पहिल्यांदा तांब्या काढतं तेव्हा तोंड गोल गरगरीत काढतं आणि बूड पट्टीनं मारल्यासारखं सरळ. तोंड गोल असतं हे त्याला ठाऊक असतं, तांब्या टेबलावर सपाट बसतो हेही ठाऊक असतं. "समोर बघ" म्हटलं तरी ते डोक्यातलाच तांब्या काढत राहतं. मग एक डोळा मिटायचा, हात ताठ करायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घ्यायची. दोन-तीन तासिका अशा गेल्या की तोंड लंबवर्तुळ दिसतंय, बुडाची कडाही वाकलेली आहे, हे त्याला स्वतःलाच दिसायला लागतं. मी खोडरबर हातात घ्यायच्या आधी ते घेतं. आपल्याला माहीत आहे ते वेगळं आणि समोर आहे ते वेगळं, हा फरक तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दुसरीकडं कुठं शिकायला मिळतो, मला सांगा. विज्ञानाच्या प्रयोगवहीतलं निरीक्षणसुद्धा बहुतेक वेळा हुशार मुलीच्या वहीतून उतरवलेलं असतं.

कलेनं मेंदूचा विकास होतो, ताण कमी होतो, व्यक्तिमत्त्व खुलतं, असं कार्यक्रमात पाहुणे सांगतात. सांगोत बापडे. मला तांब्याचं बूड पुरेसं आहे.

पण पालकांना ते पुरत नाही. शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमीजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, बीला ५, सीला ३. ही सवलत आली आणि चित्रकलेच्या वर्गात एकदम गर्दी झाली. कलाशिक्षक म्हणून मला आनंदच व्हायला हवा होता, आणि काही दिवस झालाही. ज्या घरांत रंगपेटीला पैसे नसत तिथून पोस्टर कलरच्या बाटल्या यायला लागल्या. पाठोपाठ क्लास आले. या क्लासेसनी काय केलं हे बघायचं असेल तर स्मरणचित्राचा पेपर बघावा.

स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं, अनुभवलेलं आठवून काढायचं. बाजार, बसथांबा, गणपती विसर्जन, घरातला सण, असे त्याचे विषय. क्लासमध्ये त्यासाठी माणसं पाठ करून घेतात. पाठमोरी बाई एक, फेटेवाला म्हातारा एक, फुगा धरलेलं पोर एक, कोपऱ्यात अर्धं झाड. विषय बाजार असेल तर बाईच्या हातात पिशवी द्यायची, विसर्जन असेल तर ताट. एका क्लासची पंधरा मुलं बसली तर तोच म्हातारा पंधरा कागदांवर त्याच खांद्याकडं बघत उभा. आठवणीचंसुद्धा पाठांतर करता येतं, हे आपण करून दाखवलं.

माझ्या वर्गात एकदा बेंदराचं चित्र काढायला सांगितलं होतं. बहुतेकांनी झुली घातलेली, शिंगं रंगवलेली बैलजोडी काढली. एका पोरानं ट्रॅक्टर काढला. पुढच्या जाळीला झेंडूची माळ, बॉनेटवर हळदीकुंकू, बाजूला आई ताट घेऊन उभी, आणि उंबऱ्यात आजोबा तोंड फिरवून बसलेले. मी विचारलं, तर म्हणाला, "बाई, बैल दोन वर्षांमागं विकलं. आता ह्यालाच पुजत्यात." आणि आजोबा? "त्यास्नी नाय पटत." त्या चित्रात हाताची बोटं धड नव्हती. पण गावातली शेती कुठून कुठं आली आणि घरात त्यावरून काय चाललंय, हे त्यात होतं. मराठीच्या निबंधात त्याच पोरानं बैलजोडीच लिहिली असती, कारण निबंधात बैल असतात. चित्र काढताना त्याला आपलं घर आठवावं लागलं. कलाशिक्षणाचा फायदा कोणी विचारला तर मी या ट्रॅक्टरकडं बोट दाखवते. क्लासला घातला असता तर त्याला ए मिळाली असती आणि ट्रॅक्टर गेला असता.

"आमच्याच्या अंगात कला नाही हो," असं सांगून मुलाला वर्गातून काढायला आलेले पालकही मी पुष्कळ पाहिले. गणित अंगात नाही म्हणून गणिताचा तास कुणी बंद करून मागत नाही. उलट जादा तास लावतात. अकरा-बाराव्या वर्षी मुलाला आपलं चित्र खऱ्यासारखं नाही हे कळायला लागतं आणि ते लाजून हात आखडतं. जोपर्यंत कळत नव्हतं तोवर ते भिंती रंगवत होतं. नेमकं याच वयात कुणी पेन्सिल कशी धरायची, सावली कुठून येते, हे दाखवलं तर ते पुढं जातं. आणि नेमकं याच वयात आपण त्याला सांगतो की हे आता हुशार हातांच्या मुलांसाठी.

उपयोगाचंच विचारायचं तर आमच्या भागातलंच उदाहरण घ्या. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ मध्ये मुंबईला गेले ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला. रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून रंगकाम सुटलं, रेखाटन सुटलं नाही. पुढं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक आरेखन शिकवू लागले. त्यांचा लोखंडी नांगर नंतरचा. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर त्यांच्या कारखान्याला जागा दिली ती औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी, आणि हा राजाही स्वतः चित्रकार. औंधला यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं एक शिल्पही. चित्रकलेमुळं नांगर झाला असं मी म्हणणार नाही. पण नसलेली वस्तू आधी कागदावर सगळ्या बाजूंनी उभी करून बघायची सवय किर्लोस्करांना कुठं लागली, हे विसरू नये. माझा एक विद्यार्थी आज फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. गिऱ्हाइकाला गेटचं डिझाइन फरशीवर खडूनं काढून दाखवतो, वरून, समोरून, बाजूनं. इंटरमीजिएटला त्याला सी होती.

आता शाळेत या विषयाचं काय चाललंय तेही सांगते. कलाशिक्षक म्हणजे ज्याचं अक्षर चांगलं असा माणूस. फलकलेखन त्याचं, प्रमाणपत्रं भरणं त्याचं, साहेब येणार असतील तर रांगोळी त्याची, स्नेहसंमेलनाचा पडदा त्याचा. दिवाळीनंतर त्याची तासिका गणिताला जाते, "दहावी आहे, समजून घ्या बाई," म्हणून. आठवीच्या वर्गालाही हेच कारण सांगितलेलं मी ऐकलं आहे. मी निवृत्त झाले, माझी जागा भरली गेली नाही. परीक्षेपुरता एक मुलगा बाहेरून येतो. कलाशिक्षणाची एटीडी पदविका झालेला, हात चांगला. त्याला महिन्याला काय मिळतं हे इथं लिहायला मला लाज वाटते.

कागदावर मात्र सगळं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा असं म्हटलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको असं सांगतं. भिंत पाडायला हरकत नाही, पण अलीकडच्या खोलीत शिकवायला माणूस तर हवा. "प्रत्येक विषयातच कला मिसळा" हा नवा मंत्र मला त्यामुळं धोक्याचा वाटतो. भूगोलाच्या नकाशात रंग भरला की कला झाली, असा हिशोब लावून उरलेल्या तासिकाही जातील.

वाढीव गुण काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. त्या सात गुणांच्या धाकानं निदान सप्टेंबरमधल्या परीक्षेपर्यंत तरी तासिका शाबूत राहते. पण स्मरणचित्राचे विषय असे काढावेत की पाठ केलेला म्हातारा त्यात बसणार नाही. "तुमच्या घरी पाणी कसं येतं", "शाळा सुटल्यावर पहिली दहा मिनिटं", असे. आणि तपासणाऱ्यांनी बोटं कमी आणि घर जास्त बघावं.

पालकांना एकच सांगणं आहे. येत्या जानेवारीतल्या पालकसभेला जाताना मुलाची चित्रकलेची वही सोबत न्या आणि शेवटच्या चित्राखालची तारीख मुख्याध्यापकांना दाखवा. ती सप्टेंबरची असेल, तर तुमच्या शाळेत हा विषय बंद पडलेला आहे. तो कधी सुरू होणार, हे त्यांच्याकडून लेखी मागा.