उकळूनही न जाणारे नायट्रेट

पावसाळा आला की ‘पाणी उकळून प्या’ असे आम्ही डॉक्टर मंडळी सांगतो. कावीळ, हगवण यांसाठी तो सल्ला रास्तच आहे. पण पाण्यात नायट्रेट असेल तर उकळण्याचा उपयोग नाही. पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण उलट वाढते! अशा पाण्यात कालवलेली दूधपावडर दोन-तीन महिन्यांच्या बाळाला पाजली, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ओठ, नखे निळसर पडतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली असे रुग्ण नोंदवले आणि बोट दाखवले ते विहिरीच्या पाण्याकडे.

हे नायट्रेट विहिरीत येते युरियातून, उकिरड्यातून, विहिरीलगतच्या शोषखड्ड्यातून. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे पोटॅश, अमोनियम त्यांना चिकटून राहतात. नायट्रेटही ऋणभारितच, त्याला माती धरत नाही. मोठा पाऊस झाला की ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरते आणि पिकाच्या हातून सुटते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे होते. पण विहिरीत सापडलेले नायट्रेट शेतातून कधीच निघून गेलेले असते. चोर पळाल्यावर पंचनामा, त्यातला हा प्रकार. मोजायला हवे ते मुळांखालच्या मातीतले पाणी.

त्याची रीत सोपी आहे. नळीच्या टोकाला सच्छिद्र चिनीमातीची टोपी बसवून ती मुळांच्या खाली पुरतात. हातपंपाने नळीतली हवा ओढली की भोवतालचे पाणी आत झिरपते. ते बाटलीत भरून तपासायचे. मात्र प्रमाण कळले म्हणजे झाले असे नाही, किती पाणी खाली गेले तेही हवे. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १८७० सालीच २०, ४० व ६० इंच जाडीच्या मातीच्या थरांखालून झिरपणारे पाणी मोजण्याची सोय केली गेली. आपल्या काळ्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून थेट खाली जाते, एखादी टोपी त्याला चुकते. म्हणून एका शेतात पाच-सहा तरी हव्यात.

कृषी विज्ञान केंद्राने आपल्या प्रक्षेत्रावर हे काम सुरू करावे आणि आकडे आरोग्य खात्यालाही द्यावेत, असे माझे मत आहे. युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने दिला तर किती वाचतो, हेही तिथेच दिसेल.

तोवर सहा महिन्यांपर्यंत बाळाला अंगावरचेच दूध द्यावे, वर पाणीसुद्धा नको. वरचे दूध देणे भागच असेल तर आधी विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.