भुंगा आणि वाळवी

गावच्या घराच्या पडवीत एका वाशाला तीन भोके होती. गिरमिटाने पाडावीत तशी गोल, बोट जाईल एवढी. उन्हाळ्यात काळा भुंगा घूं-घूं करीत त्यांतून ये-जा करी. खाली भुसा सांडे. घर पोखरतो मेला, म्हणून एका दुपारी मी रॉकेलचे बोळे कोंबून भोके बुजविली.

त्याच पावसाळ्यात आतल्या खोलीच्या चौकटीवर हात टेकला, तर बोट आत गेले. वरचा रंग शाबूत, आत माती. शेजारच्या फडताळात वडिलांच्या हस्ताक्षरातल्या वह्या होत्या. त्यांचे पुठ्ठे तेवढे उरले होते.

मग दोघांविषयी वाचले. या भुंग्याचे शास्त्रीय नाव झायलोकोपा, म्हणजे लाकूडतोड्या. पण लाकूड तो खात नाही. मादी एकटीच बीळ कोरते, पराग आणि मधाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते, भुशाची भिंत घालून पुढच्या खोलीला लागते. ना राणी, ना कामकरी. वर्षानुवर्षे बिळे वाढली तर वासा कमजोर होतो, हे खरे. पण वांग्याच्या फुलातला पराग बारीक छिद्रांतून सांडतो, तो भुंगा फुलाला बिलगून थरथरला की. मधमाशीला ही विद्या नाही.

वाळवीचा संसार लाखोंचा. राणी दिवसाला हजारो अंडी घालते. उजेडाचे वावडे, म्हणून मातीच्या नळीतून प्रवास. आपल्याकडची वारूळ बांधणारी ओडोंटोटर्मिस ओबेसस तर चावलेल्या लाकडावर बुरशीची शेती करते. पावसात वारुळावर उगवणारी अळंबी त्याच शेतीची. रानात पडलेल्या लाकडाची माती तीच करते. तिथे ती उपकारकर्तीच.

मग दोष कुणाचा? वाळवीला ओल लागते. त्या भिंतीची ओल मी दोन पावसाळे पाहत होतो. पुढच्या वर्षी बघू, म्हणत होतो. आवाज करणाऱ्याला मात्र तत्काळ शिक्षा केली.

घरोघरी असेच होते. फटकळ माणूस डोळ्यांत खुपतो. मुकाट्याने साचणारी ओल कुणी पाहत नाही.

आता भिंत दुरुस्त केली आहे. पडवीत बांबूचे चार तुकडे टांगले आहेत. परवा एकाखाली थोडा भुसा दिसला. वह्या काही परत येणार नाहीत. पण तो भुसा मी झाडला नाही.